कामाची क्रियापदं

मुलगा नोकरीला लागला की घरात म्हणतात, ‘चिकटला एकदाचा.’ गिरणीत चिकटला, बँकेत चिकटला, म्युनिसिपालटीत चिकटला. या शब्दात सुटकेचा श्वास आहे आणि खळही आहे. चिकटवणारं कोणीतरी असतंच: मामा, चुलता, गाववाला, खात्यातला जॉबर. चिकटवणारा हात लगेच दिसतो. चिकटलेपण कळायला वीस वर्षं जातात.

मुलीबद्दल हा शब्द मी फार कमी ऐकला. ती नोकरी ‘करते’, नाहीतर ‘घरीच असते’.

*

या शतकाच्या सुरुवातीला कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दादरमधल्या मराठी कुटुंबांची पाहणी केली. मागच्या वीस वर्षांत कोणत्या घरातलं कोणतं मूल मराठी शाळेत गेलं, कोणतं इंग्रजी शाळेत, आणि घरात कमाई किती आली, हे त्यांनी विचारलं. २००६ साली त्यांचा लेख आला. मी तो वाचला तेव्हा माझीच चाळ कोणीतरी लांबून पाहून लिहून काढली आहे असं वाटलं.

नव्वदच्या दशकात इंग्रजी शिकलेल्याच्या पगारातली वाढ डोळ्यांवर येण्याइतकी होती. तरीही कष्टकरी जातींतले बाप मुलग्यांना मराठी शाळेतच घालत राहिले. त्या शाळेतून निघणाऱ्या वाटेच्या टोकाला जातीतली, गावाकडची माणसं उभी होती. तिथे गेलं की कोणीतरी चिकटवणार, हा भरवसा होता. मुलींच्या वाटेच्या टोकाला कोणीच उभं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या त्या खात्यांत बायका फारशा नव्हत्याच, मग मुलींना चिकटवणार कोण? त्या घरांतल्या मुली भराभर इंग्रजी शाळांत गेल्या.

एकाच घरात, एकाच ताटात जेवणारे भाऊ-बहीण. भावाला वशिला होता म्हणून तो जुन्या कामाकडे गेला. बहिणीला नव्हता म्हणून तिला नवीन काम दिसलं.

याला मुलीवरची माया म्हणायचा मोह होतो. पण बहुतेक घरांत तिच्याबद्दल काही ठरलेलंच नव्हतं. ज्याच्याबद्दल काही ठरलेलं नसतं त्याला दुर्लक्ष सोसावं लागतं, आणि क्वचित एखादं दार उघडं मिळतं. हे दार तिच्यासाठी कोणी उघडलं नव्हतं. ते बंद करायला कोणी आलं नाही, एवढंच.

बापांनाही मी दोष देणार नाही. ज्या शहरात खाडा पडला की चूल थंड व्हायची, तिथे जात आणि गाव हाच विमा होता. कामावरून काढलं तर दुसऱ्या खात्यात लावून देणारा कोणीतरी असायचा. हा विमा सगळे आत राहिले तरच टिकतो. हुशार मुलगा इंग्रजी शिकून बाहेर पडला की मागच्यांची साखळी एका कडीने कमजोर होते. म्हणून त्याला कोणी अडवत नव्हतं, पण कोणी ढकलतही नव्हतं. माणसाला जागेवर ठेवायला तेवढं पुरतं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं. पुढच्या काही वर्षांत ज्यांना चिकटायचं त्या भिंतीच पडल्या. वाट मात्र लोकांच्या मनात शाबूत होती. वस्तुस्थिती गेली तरी तिच्यावरचा विश्वास आणखी एक पिढी कामावर जात राहतो.

*

‘वहिनी काय करतात?’

‘काही नाही, घरीच असतात.’

या उत्तरातलं ‘काही नाही’ मला आता ऐकवत नाही.

गिरणगावात खानावळवाल्या बायका होत्या. दहा, पंधरा, वीस गिरणी कामगार जेवायचे एकेका बाईच्या हातचं. पहाटे पहिल्या पाळीचा डबा, रात्री तिसऱ्या पाळीचा. गिरणीचे भोंगे त्यांच्या चुलीवर चालायचे. विचारलं तर त्याही घरीच असायच्या. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा या बायकांना पहिल्यांदा आपल्या धंद्यासाठी बँकेकडे कर्ज मागता आलं. कर्ज मागायला आधी ‘मी धंदा करते’ असं म्हणावं लागतं. ते वाक्य रकमेहून मोठं होतं.

माझी आई साड्यांना फॉल लावायची. शेजारच्या तीन चाळींतल्या साड्या आमच्या कॉटवर गठ्ठ्याने पडलेल्या असत. जनगणनेचा माणूस आला तेव्हा पायमशीन चालू होतं. आईने पाय थांबवला, ‘काही नाही, घरकाम’ असं सांगितलं, आणि पाय पुन्हा सुरू केला. त्या माणसाने मान हलवून लिहून घेतलं. मशीन दोघांच्या मध्ये होतं.

सरकारी श्रमिक पाहणीत अशा बाईला आकडा असतो. फक्त घरकाम करणारीला ९२. घरकामासोबत सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणारी, घरच्यांसाठी शिवणारी, विणणारी ९३. दोन्ही आकडे कामकऱ्यांच्या यादीबाहेरचे. आई खरं तर यादीतली होती. तिने स्वतःलाच जणू ९२मध्ये घातलं.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोनशे वर्षांतलं अमेरिकेतल्या बायकांचं काम त्यांनी जुन्या दप्तरांतून वर काढलं. त्या दप्तरांतही लग्न झालेल्या बाईच्या व्यवसायाच्या रकान्यात बहुधा ‘पत्नी’ एवढंच असायचं, मग ती शेतात राबत असो की घरच्या धंद्यात. गोल्डिनबाईंनी मोजणी दुरुस्त केली तेव्हा वर चढत गेलेली सरळ रेष उरली नाही. शेतीच्या काळात बायका कामात भरपूर होत्या, कारखाने आले तशा कमी झाल्या, आणि शिक्षण व कचेरीतली कामं वाढल्यावर पुन्हा आल्या. प्रगती बाईला आपोआप वर नेते, ही समजूत एका चुकीच्या रकान्यावर उभी होती.

जे मोजलं जात नाही ते आधी कागदावरून जातं, मग बोलण्यातून, आणि शेवटी करणारीच्या मनातून.

आपल्याकडचे आकडे आता वर चढताहेत. पंधरा वर्षांवरच्या बायकांत काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या २०१७-१८मध्ये शंभरात २३ होत्या. २०२३-२४मध्ये जवळजवळ ४२. वाढीचा मोठा वाटा खेड्यांतला, आणि तोही स्वतःच्या किंवा घरच्या कामाचा. यातल्या किती जणी नव्याने कामाला लागल्या आणि किती जणींचं आधीपासूनचं काम आता लिहिलं गेलं? हा प्रश्न मला सोडत नाही. दोन्ही उत्तरं मला चालतील. पण ती दोन वेगळी उत्तरं आहेत.

२०२४च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. आणि जे पुरुष ते करतच नाहीत ते या ८८ मिनिटांत धरलेलेच नाहीत. पुरुषाच्या या कामाला घरात ‘मदत’ म्हणतात. मदत हा शब्दच सांगतो की काम कोणाचं आहे.

*

१९७२. दुष्काळ. बायका खडी फोडायला बसल्या. पाझर तलावांवर, रस्त्यांवर, डोक्यावर पाटी. मराठा घरांतल्या, ज्या कधी दुसऱ्याच्या बांधावर गेल्या नव्हत्या, त्याही. त्या कामांतून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्या धर्तीवर २००५मध्ये देशाचा कायदा झाला. त्या वर्षी ‘बाई बाहेर पडली’ असं कोणी कुजबुजलं नाही. सगळ्यांच्याच बायका पडल्या होत्या.

पाऊस झाला, चार पैसे आले, तशा त्याच बायका पुन्हा आत गेल्या. घरात पैसा आला की पहिली सुटते ती बाईची मजुरी. तिने काम सोडलं याचा अर्थ घर वर आलं. तिचं न दिसणं ही घराची पत. ‘आमच्यात बायका कामाला जात नाहीत’ या वाक्यात तिच्या आरामाची काळजी नसते, कारण ते म्हणणाऱ्याच्या घरात ती पहाटे पाचला उठलेली असते.

मध्य प्रदेशात अर्थशास्त्रज्ञ रोहिणी पांडे, एरिका फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजगार हमीची मजुरी बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा होईल असं केलं आणि खातं वापरायचं कसं ते तिला शिकवलं. आधी घरातून ज्यांना परवानगी नव्हती त्यांच्यावर परिणाम जास्त दिसला. त्या हमीच्या कामावर जाऊ लागल्या, खासगी कामावरही. पैसा तोच, कायदा तोच. फक्त तो कोणाच्या नावाने येतो ते बदललं. नाव बदललं की घरातला आवाज बदलतो, हे आपल्या सातबाऱ्याला फार दिवसांपासून ठाऊक आहे.

*

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे एक भीती होती: बाई शिकली तर नवरा मरतो. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात फुले दांपत्याने शाळा काढली, तेव्हा जी मुलगी त्या उंबऱ्यावर आली तिने ही भीती ओलांडली होती. तिच्या आईनेही, आणि आईला ते जड गेलं असणार. मुलगी पुढे सासरी जाणार, आणि काही झालंच तर बोट आईकडे वळणार.

ही भीती खोटी होती असं म्हणून भागत नाही. तिने अक्षराची किंमत ठरवली होती, आणि ती किंमत खरी होती, कारण शेजारीपाजारी ती वसूल करत. आज नवऱ्याचा जीव जात नाही. त्याचा मान जातो म्हणतात. किंमत उतरली, पावती अजून बाईच्याच नावावर फाटते.

*

पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात पंचायतीची पदं बायकांसाठी फिरत्या पद्धतीने राखीव ठेवली जातात. कोणत्या गावाची पाळी कधी येईल हे गावाच्या इच्छेवर नाही. त्यामुळे बाईने कारभार पाहिलेली गावं आणि न पाहिलेली गावं शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे, पेटिया टोपालोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पाहिलं.

एकच भाषण पुरुषाच्या आवाजात ऐकवलं आणि बाईच्या आवाजात. ज्या गावाने बाईचा कारभार पाहिला नव्हता तिथल्या पुरुषांना तेच शब्द बाईच्या तोंडून कमी वजनाचे वाटले. ज्या गावाने पाहिला होता तिथे हा फरक गेला. पण ‘तुम्हाला पुढारी कोण आवडेल’ म्हटल्यावर आवड पुरुषाकडेच राहिली.

मत आणि आवड वेगळ्या वेगाने चालतात. मत डोळ्यांनी बदलतं. आवडीला वेळ लागतो. तिच्यासाठी थांबून राहायचं की मत बदललं एवढ्यावर काम सुरू करायचं? मी कामाच्या बाजूचा आहे.

आणि मुली. दोन वेळा बाई प्रधान झालेल्या गावांत आईबापांच्या मुलगा-मुलगीबद्दलच्या अपेक्षांतली दरी २५ टक्क्यांनी कमी झाली, मुलांच्या स्वतःच्या मनातली ३२ टक्क्यांनी. शिक्षणातला फरक मिटला. मुलींचे घरकामातले तासही उतरले. गावात मुलींसाठी नोकऱ्या मात्र वाढलेल्या दिसल्या नव्हत्या. एका खुर्चीत एक बाई बसलेली दिसत होती, दोन खेपा. एक खेप पुरली नव्हती. पहिल्या खेपेला गाव म्हणतं, आरक्षण होतं म्हणून. दुसऱ्या खेपेला म्हणायला ते राहत नाही.

महाराष्ट्रात २०११पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सही तिची, बैठक त्याची, हे कितीतरी गावांत मी पाहिलं. ते खोटं बसणं आहे असं मी बरीच वर्षं म्हणत होतो. आता म्हणत नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सरपंचांच्या नावांची पाटी असते. शाळेतून येताना मुली ती वाचतात.

*

दिल्लीभोवतीच्या खेड्यांत अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी तीन वर्षं एकच गोष्ट केली. कॉल सेंटरांत मुलींना घेतात, हे सांगणारी, त्यांना तिथवर नेणारी माणसं चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गावांत पाठवली. नोकऱ्या आधीही होत्या. गावाला माहीत नव्हत्या. त्या गावांतल्या तरुणींची लग्नं लांबली, पहिलं मूल लांबलं, शिक्षण वाढलं.

आणि धाकट्या, शाळकरी मुलींची वजनं सुधारली.

या मुली अजून कमावणार नव्हत्या. त्यांच्या ताटात भाकरी वाढली, कारण वाढणाऱ्या हाताला उद्या वेगळा दिसला. आईबापांचा विश्वास वजनकाट्यावर दिसतो, हे वाचून मी पुस्तक मिटवलं आणि बराच वेळ गच्चीत फिरत राहिलो. आमच्या घरात दूध कोणाला मिळायचं, ते आठवत होतो.

*

हरियाणात ३१४ सरकारी शाळा, सुमारे चौदा हजार मुलं. त्यांतल्या काही शाळांत, सातवीपासूनच्या वर्गांत, अडीच वर्षं, दर तीन आठवड्यांनी पाऊण तास, मुलगा-मुलगी, काम, घर यांवर बोलणं. दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा परिणाम तपासला. मुलांची मतं बदलली, ती पुढेही टिकली, आणि मुलगे घरात थोडं जास्त काम करू लागले. मुलींच्या स्वप्नांत मात्र वाढ झाली नाही.

स्वप्नं आधीच उंच होती. मुलीला स्वप्नं पाहायला शिकवण्याच्या कार्यक्रमांवर आपण किती पैसा घालतो! कमी तिथे नव्हतीच. कमी शेजारच्या बाकावर होती, जिथे तिचा भाऊ बसला होता.

*

रियाधमध्ये पाचशे लग्न झालेले तरुण, अठरा ते पस्तीस वयाचे, एका खोलीत एकाच भागातले, बरेचसे एकमेकांना ओळखणारे तीसेक जण असे बसवले. लिओनार्दो बर्स्टिन, अलेस्सांद्रा गोन्झालेझ आणि डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट यांनी त्यांना विचारलं: बाईला घराबाहेर नोकरी करू द्यावी का? उत्तर गुप्त. मग विचारलं: या खोलीतले किती जण ‘द्यावी’ म्हणतील?

शंभरात ८७ जणांचं स्वतःचं उत्तर ‘द्यावी’ होतं. पण दर चारांतल्या जवळजवळ तिघांनी खोलीतल्या इतरांना खऱ्याहून जास्त जुनाट धरलं.

प्रत्येकाच्या मनात होकार, आणि खोलीत नकार बसलेला.

अर्ध्यांना खरा आकडा सांगितला. बाकीच्यांना नाही. मग बायकोचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत घालायचं की त्याऐवजी खरेदीचं कूपन घ्यायचं, हे विचारलं. आकडा न कळलेल्यांतल्या २३ टक्क्यांनी नाव घातलं, कळलेल्यांतल्या ३२ टक्क्यांनी. काही महिन्यांनी आकडा कळलेल्यांच्या बायकांनी जास्त अर्ज केलेले, जास्त मुलाखती दिलेल्या आढळल्या. नोकरीला लागलेल्यांचा आकडा मात्र ठळकपणे हलला नव्हता. अर्जानंतरची वाट वेगळी असते, तिथे वेगळी माणसं बसलेली असतात.

कोणाचंही मन वळवलं नव्हतं. प्रवचन नाही, भाषण नाही. प्रत्येकाला शेजाऱ्याचं मन दाखवलं.

‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य मी लाखदा ऐकलं आहे. त्यातले लोक कोण, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. ते लोक म्हणजे तेच, जे आपापल्या घरी बसून आपल्याबद्दल हेच म्हणत असतात.

*

माझ्या ताईला १९८६ साली नेमणुकीचं पत्र आलं. टायपिंगची चाळीसची परीक्षा ती पहिल्या खेपेत पास झाली होती. नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. राहायला खोली बघावी लागणार होती.

संध्याकाळी आमचे वडील अण्णा, काका आणि मी बसलो. मी एकवीस वर्षांचा होतो. आई चहा ठेवून दारात उभी राहिली. पत्र हातोहात फिरलं. कोणी नाही म्हटलं नाही.

अण्णा म्हणाले, ‘बघू.’

काका म्हणाले, ‘बघू की.’

मी काहीच बोललो नाही. तिने जावं असं मला वाटत होतं. मोठ्यांना ते पटणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली होती तेव्हा, एका लग्नाच्या मांडवात, काकांनी स्वतःहून विषय काढला. म्हणाले, ‘तुझी ताई तेव्हा गेली असती तर बरं झालं असतं. मी बोलणार होतो. मला वाटलं, अण्णांना चालायचं नाही.’

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अण्णा रात्री म्हणाले होते, पोरगी गेली असती तर हरकत नव्हती, पण तुझ्या काकांसमोर कसं बोलायचं.’

ताईने ते पत्र लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलं आहे. मागच्या दिवाळीत तिने मला दाखवलं. कागद पिवळा पडला आहे, शिक्का अजून वाचता येतो. रुजू होण्याची मुदत पंधरा दिवसांची होती.